बीओक्यूत नुसते ‘जेट’ लिहू नका

शौचालयाच्या कामाची बीओक्यू उघडली की ‘जेट, एक नग’ ही ओळ हमखास सापडते. साइटवर मात्र या शब्दाखाली दोन निरनिराळ्या वस्तू येतात. कमोडच्या भांड्यातच बसवलेली नोझल हाही जेट आणि भिंतीवर हुकला टांगलेला, खटका दाबून वापरायचा हेल्थ फॉसेट हाही जेटच. दुकानात जे मिळेल ते येते, प्लंबर ते बसवून मोकळा होतो.

दोन्हींतला धोका एकच, उपाय मात्र वेगळे. भांड्यातली नोझल कडेच्या खाली असते; कमोड तुंबला की ती घाण पाण्यात बुडते. हेल्थ फॉसेटची नळीही भांड्यात किंवा बादलीत पडू शकते. अशा वेळी टाकी धुण्यासाठी गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद असेल, जेटचा कॉक किंवा खटका नीट बंद नसेल आणि खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला, तर उभ्या पाइपातल्या ओढीने ते पाणी लाइनीत जाते. कमोडमधले पाणी ब्रिटनच्या १९९९ च्या पाणीपुरवठा-फिटिंगच्या नियमांत पाचव्या, म्हणजे सर्वांत घातक श्रेणीत धरले आहे. (आपल्या नळ-टमरेलात हवेचे अंतर आपोआप राखले जायचे!)

भांड्यातल्या जेटला कॉकच्या पुढे, कडेच्या वर साधा व्हॅक्यूम ब्रेकर चालतो. हेल्थ फॉसेटला तो चालत नाही, कारण खटका टोकाला असल्याने ब्रेकरवर सतत दाब राहतो. तिथे असा दाब सोसणाराच प्रकार हवा. नुसत्या एका नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबणे धोक्याचे.

याहून गंभीर चूक नव्या टॉवरमध्ये होते. तिथे फ्लशला एसटीपीचे पुनर्वापराचे पाणी येते. सिस्टर्नचा पॉइंट जवळ पडतो म्हणून टू-वे अँगल कॉक लावून जेट त्याच लाइनीवर घेतला जातो. रहिवासी मग प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याने अंग धुतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. असे काम पास करणारा सल्लागारही तितकाच जबाबदार आहे.

म्हणून पुढच्या बीओक्यूत तीन गोष्टी लिहा: जेटचा प्रकार, तो कोणत्या लाइनीवर घ्यायचा आणि पाणी उलटे जाऊ नये म्हणून काय बसवायचे. ड्रॉइंगवर या तीन गोष्टी नसतील, तर प्लंबरबंधूंनी पाइपाला हात लावण्यापूर्वी त्या लेखी मागून घ्याव्यात.