नाचणारी बाई कामगार नाही काय?

दिवाळी आटोपली, धान कापून झाला की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दंडार होते, खडी गंमत होते, नाटक लागते. पाठोपाठ शंकरपटाचे दिवस येतात. बैलजोडी वर्षभर जपायची ती याच दिवसांसाठी. अलीकडे मात्र मंडई असो वा पट, रात्रीच्या 'डान्स हंगामा'शिवाय अनेक आयोजकांचे भागत नाही. दिवसा बैल धावतात, रात्री मुली नाचतात. मग एखाद्या सकाळी कुणाच्या तरी मोबाईलमधली चित्रफीत गावभर फिरते, वर्तमानपत्रात 'अश्लील नाच' असा मथळा येतो, गुन्हे दाखल होतात आणि संस्कृती बुडाल्याची ओरड सुरू होते. जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील उमरेड तालुक्यात ब्राह्मणी येथे शंकरपटाच्या निमित्ताने झालेल्या अशाच कार्यक्रमावरून गदारोळ उठला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीच्या मंडईचे नाव तसेच गाजले. दोन्ही वेळा चर्चा एकाच गोष्टीची झाली, ती म्हणजे तिच्या अंगावर कपडे किती होते याची. त्या रात्रीची मजुरी तिला किती मिळाली, ती कुणाच्या हातून मिळाली, मिळाली तरी का, ती घरी सुखरूप पोचली का, हे कोणी विचारले नाही. आमचा सवाल नेमका तोच आहे.

खेळाच्या मैदानावर बाईला पैसे देऊन नाचवण्याची ही रीत केवळ खेड्यातली आहे, असे कोणी समजू नये. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा क्रिकेटच्या मैदानावर 'चिअरलीडर' आल्या. विजय मल्ल्या यांच्या बंगळूरच्या संघासाठी थेट अमेरिकेतून पथक आणले गेले. चौकार गेला की नाचायचे, गडी बाद झाला की नाचायचे, ऊन असो वा दमट हवा असो, चेहऱ्यावरचे हसू हलू द्यायचे नाही, हे त्यांचे काम. महाराष्ट्रात तेव्हाचे गृहराज्यमंत्री सिद्धराम म्हेत्रे यांनी या नाचाला अश्लील ठरवले आणि चर्चा पुन्हा कपड्यांवर येऊन थांबली. त्याच हंगामात परदेशी नर्तकींनी प्रेक्षकांच्या घाणेरड्या शेरेबाजीची तक्रार केली होती. त्या तक्रारीचा विचार कोणत्या मंत्र्याने केला?

त्याच वर्षी मोहालीत दोन कृष्णवर्णीय ब्रिटिश तरुणींनी आरोप केला की, कातडीच्या रंगामुळे आपल्याला मैदानात उतरू दिले गेले नाही. ज्या देशात जन्मावरून माणसाची किंमत ठरते, तेथे करमणुकीच्या बाजारातही रंग पाहिला जातो, यात आम्हाला नवल वाटले नाही. २०११ मध्ये मुंबईच्या संघाबरोबर काम करणाऱ्या एका दक्षिण आफ्रिकी नर्तकीने सामन्यांनंतरच्या मेजवान्यांत खेळाडू कसे वागतात याविषयी निनावी लिखाण केले. ते उघडकीस येताच तिला कामावरून काढून मायदेशी धाडण्यात आले. तोंड उघडले म्हणून रोजगार गेला तो तिचाच. त्याच वर्षी पुण्याच्या संघाने भारतीय पोशाखातल्या, शास्त्रीय नृत्य करणाऱ्या 'चिअर क्वीन्स' उतरवल्या आणि संस्कृतीचा प्रश्न सुटल्यासारखे अनेकांना वाटले. पोशाख बदलला की संस्कृतिरक्षकांचे समाधान होते. करार, विमा, कामाचे तास यांचा विषय मात्र निघतच नाही.

हे मैदान आपल्यापासून फार दूर नाही. २०१० मध्ये हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सचे काही सामने नागपूरजवळच्या जामठ्याला झाले. भंडाऱ्यातूनही लोक गेले असतील. जामठ्याच्या दिव्यांखाली नाचणारी आणि पटाच्या रात्री फळ्यांच्या मंचावर नाचणारी, या दोघींच्या कमाईत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण दोघींना बांधणारी साखळी एकच आहे. वर संघमालक किंवा आयोजक समिती, मध्ये कार्यक्रम घेणारी कंपनी किंवा पथकाचा मालक, आणि तळाला नाचणारी. वरचा म्हणतो, आम्ही कंपनीला पैसे दिले. मधला म्हणतो, ती आमची नोकर नाही, कलाकार आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८ हजार ३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्या प्रक्षेपणात चिअरलीडर दिसते. पण खेळाडूंचे लिलावातले भाव साऱ्या जगाला पाठ असतात, हिची मजुरी मात्र कुणाच्या चर्चेत नसते.

आता आपल्या जिल्ह्यातल्या मंचाकडे पाहू. अशा पथकांतल्या मुलींकडून आम्हाला जे ऐकायला मिळाले त्यात नवलाचे काही नाही, पण ते छापले जात नाही. बुकिंग पथकाचा मालक घेतो. कागद झालाच तर तो मालक आणि समिती यांच्यात, त्यात मुलीचे नाव नसते. तिचा रोज तोंडी ठरतो. पाऊस आला, पोलिसांनी कार्यक्रम बंद पाडला किंवा समितीने हात वर केले, तर पहिल्यांदा कापला जातो तो तिचा रोज. कपडे बदलायला मंचामागे ताडपत्रीचा आडोसा, त्याला पडलेली भोके आणि त्या भोकांशी जमलेली पोरे. शौचालयाचे नाव नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत अर्ध्या रात्रीपर्यंत तोकड्या कपड्यांत उभे राहायचे. समोर दारू प्यालेली गर्दी, मंचावर चढून हात धरणारे गावचे पुढारी, नोटा दाखवून 'आणखी' म्हणणारे लोक. आणि त्या 'आणखी'ला नाही म्हटले तर पुढचे बुकिंग नाही. उद्या गुन्हा दाखल झाला तर नोटा दाखवणारा गर्दीत विरघळतो, चित्रफितीत दिसते ती एकटी बाई. पाय मुरगळला तर औषध स्वतःच्या खर्चाने. पहाटे एका जीपमध्ये कोंबून परतीचा प्रवास. ही मजुरी नाही तर काय आहे?

राज्यकर्त्यांनी नाचणारीकडे कसे पाहिले, याचा इतिहास महाराष्ट्रात ताजा आहे. २००५ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने डान्सबारवर बंदी आली. पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांतला नाच त्या बंदीतून वगळला गेला. म्हणजे श्रीमंतापुढे नाचली तर कला आणि सामान्य गिऱ्हाइकापुढे नाचली तर अनीती! एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही तरतूद समानतेच्या आणि व्यवसाय-स्वातंत्र्याच्या हक्काविरुद्ध ठरवली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. सरकारने पुन्हा कायदे केले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्याही अनेक जाचक अटी रद्द केल्या. मात्र लेखी करार करावा आणि मोबदला बँक खात्यात जमा करावा, ही अट राहिली. आमच्या मते त्या साऱ्या भांडणातून नाचणाऱ्या बाईच्या पदरात पडलेली हीच एक कामाची गोष्ट. पण हा कायदा हॉटेल आणि बारपुरता. पटाच्या मंचावरची बाई त्याच्या बाहेरच राहिली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने उमरेड भागातील एका रिसॉर्टमधल्या नाचाबद्दलचा गुन्हा रद्द केला. तोकडे कपडे घालून नाचणे एवढ्यावरून ते कृत्य अश्लील ठरत नाही, असे न्यायालयाने मानले. निकाल महत्त्वाचा आहे. पण तेथे दाद मागायला गेले होते ते नाच पाहणारे पुरुष. त्यांना वकील मिळाला, न्याय मिळाला. नाचणाऱ्या मुलींनी आपल्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी कधी चढायची?

कायदा नाही, ही सबब आता चालणार नाही. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचे ठिकाण' या शब्दात स्टेडियम आणि खेळांच्या स्पर्धांची जागाही येते. कामासाठी मालकाने पुरवलेले वाहनही येते, म्हणजे ती पहाटेची जीपही आली. रोजंदारीची, कंत्राटदारामार्फत आलेली बाईसुद्धा त्या कायद्यात कर्मचारी आहे. जेथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. शंकरपट हा खेळ आहे, हे सांगून बैलगाडा शर्यतीचे समर्थक सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि मे २०२३ मध्ये जिंकले. ठीक आहे. पट हा खेळ असेल तर पटाचे मैदान ही खेळाची जागा आहे, आणि तेथे राबणाऱ्या बाईला हा कायदा लागू झालाच पाहिजे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या कामगारविरोधी तरतुदींवर आमचे आक्षेप आहेत. पण पूर्वी किमान वेतन अनुसूचीतल्या रोजगारांपुरते होते, ते आता सर्व रोजगारांना लागू आहे. सुरक्षिततेच्या संहितेत दृक्‌श्राव्य कामगारांच्या व्याख्येत नर्तकांचा आणि दृक्‌श्राव्य निर्मितीत खेळांच्या कार्यक्रमांचा उल्लेख आहे, आणि अशा कामगाराशी लेखी करार सक्तीचा आहे. त्याचा लाभ चिअरलीडरला मिळायला हवा, असा आमचा अर्थ आहे. आणि संविधानाचे कलम २३ तर पहिल्यापासून आहे. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांसाठी बांधकामावर राबणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही वेठबिगारीच आहे. खेळाचे मैदान बांधणाऱ्याला जो न्याय, तोच त्या मैदानावर नाचणारीला का नको?

अमेरिकेतही हे आपोआप घडले नाही. तेथील फुटबॉलच्या ओकलंड रेडर्स संघाच्या चिअरलीडरांनी जानेवारी २०१४ मध्ये खटला भरला. संपूर्ण हंगामाचे १,२५० डॉलर, सरावाचे पैसे नाहीत, केशभूषेचा खर्चही स्वतःचा, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. त्याच वर्षी साडेबारा लाख डॉलरवर तडजोड झाली आणि २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून चिअरलीडरला संघाची नोकर मानले. इतके दूर तरी कशाला जायचे? आपल्या भंडाऱ्यात घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईलाही कारखानदार कामगार मानत नव्हता. ठेकेदार मध्ये होता, ती घरी काम करत होती, हीच सबब. १९६६ च्या कायद्याने ती सबब मोडली. बिडीवाल्या बाईला जे मिळाले, ते नाचणाऱ्या बाईला का मिळू नये?

येथे आपल्या चळवळीतला एक आक्षेप आम्ही टाळणार नाही. अनेक कार्यकर्ते म्हणतात, तमाशापासून बारपर्यंत आमच्याच आयाबहिणी नाचवल्या गेल्या, हे जातीने लादलेले काम आहे, त्याला कामगाराचा दर्जा देऊन आपण ते पक्के करायचे का? आक्षेप खरा आहे. प्रा. शैलजा पाईक यांनी तमाशातील दलित स्त्रियांच्या जगण्यावर केलेल्या संशोधनात जात आणि 'अश्लीलता' यांचे हे नातेच उलगडले आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मुंबईत देवदासी, मुरळ्या, जोगतिणींच्या सभेत ते जिणे सोडण्याचे आवाहन केले होते. पण बाबासाहेबांनी त्यांना स्वाभिमानाची वाट दाखवली, त्यांच्यामागे पोलीस लावले नाहीत. आणि हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना खाणीत राबणाऱ्या बाईच्या बाळंतपणाच्या रजेचा विचार करत होते. काम वाईट आहे म्हणून कामगाराला हक्क नाकारावा, असे त्यांनी कधी म्हटले नाही. जिच्या हातात करार आहे, खात्यात पैसा आहे, ती उद्या हे काम सोडू शकते. जिच्या हातात काहीच नाही, तिला मालक सोडू देत नाही. हक्क हीच बाहेर पडण्याची पहिली पायरी आहे.

म्हणून भंडारा जिल्हा प्रशासनाकडे आमची मागणी स्पष्ट आहे. मंडई किंवा पटाच्या कार्यक्रमाला परवानगी देताना प्रत्येक नाचणारीच्या नावाचा लेखी करार मागावा. मजुरी कार्यक्रमाआधी बँक खात्यात जमा झाल्याचा पुरावा घ्यावा. कपडे बदलायला बंद खोली, शौचालय, महिला पोलीस आणि परतीचे सुरक्षित वाहन ही परवान्याची अट करावी. स्थानिक तक्रार समितीचा पत्ता आणि दूरध्वनी मंचाशेजारी मोठ्या अक्षरांत लावावा. अल्पवयीन मुलगी मंचावर दिसली तर आयोजक आणि पथकमालक या दोघांवर गुन्हा नोंदवावा. आणि जबरदस्ती झाली असेल तर त्या बाईला आरोपी न करता फिर्यादी करावे.

१९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याने बाबासाहेबांना पराभूत होताना पाहिले आहे. ते ऋण जयंतीच्या मिरवणुकांनी फिटणार नाही. येत्या हंगामात आपल्या गावच्या मंडईत आणि पटात मंच उभा राहील तेव्हा वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाने समितीला एवढेच विचारावे: नाचणाऱ्या मुलींचा करार कुठे आहे? उत्तर मिळत नसेल तर वर्गणी देऊ नये.