काठ आठ महिन्यांचा





पुण्याचा भिडे पूल दर पावसाळ्यात बातमीत येतो. खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला की पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातल्या गाड्या हलवायची धावपळ उडते आणि पाणी ओसरल्यावर झुडपांना चिंध्या नि प्लॅस्टिकच्या पिशव्या लोंबत राहतात. मुळा-मुठेचा सुमारे ४४ किलोमीटर काठ सुशोभित करायला निघालेल्यांनी आधी ही झुडपे पाहावीत. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घराघरांत पाणी शिरले, त्याचीही आठवण ठेवावी.

पावसाळ्याचे चार महिने काठ नदीचा. उरलेल्या आठ महिन्यांसाठी लोकांना बसायला जागा हवी, तर ती उचलून ठेवता येईल अशीच हवी.

गोव्यात दर वर्षी हेच घडते. पाऊस सरला की किनाऱ्यावर बांबू, लाकूड आणि माडाच्या झावळ्यांचे शॅक उभे राहतात. पक्क्या बांधकामाला परवानगी नसते आणि मेअखेर सगळे उतरवावे लागते. तिथली खोडही मात्र ध्यानात घ्यावी: शॅकपुढच्या भाड्याच्या खाटा वाळू अडवतात आणि फिरायला आलेल्याला पाण्याच्या कडेने वाट काढावी लागते. पुण्याने बांधणी घ्यावी, खाटांचे भाडे नको.

‘असले तकलादू काम किती टिकणार?’ हा आक्षेप ठरलेलाच. जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी २००७ मध्ये फ्रान्सच्या गार्दों नदीवर कागदाच्या २८१ नळ्यांचा पादचारी पूल उभारला. पाया म्हणजे वाळू भरलेल्या लाकडी पेट्या. एका वेळी वीस माणसे पेलणारा हा पूल सहा आठवडे वापरून पावसाआधी उतरवला. त्याचे आयुष्य आधीच ठरलेले होते.

बांबू कागदाहून चिवट. कोकणातला माणगा जातीचा बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात नीट मुरवला की कीड सहसा लागत नाही. काथ्याची गाठ सोडली की तोच वासा पुढच्या दसऱ्याला पुन्हा उभा करता येतो. उभारणीचा खर्च दर वर्षी येईल, हे खरे. पण तो बराचसा मजुरीचा, आणि गणपतीचे मांडव घालणारे हात शहरातच आहेत.

महापालिकेने भिडे पुलाजवळचा एखादा पट्टा दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत असा उभारून पाहावा. जूनमध्ये बांबू मोजून गोदामात ठेवावेत, किती बदलावे लागले याचा हिशेब जाहीर करावा आणि मगच काँक्रीटच्या निविदांवर बोलावे.

– एक वाचक, पुणे