धृति म्हणजे धरून राहणें

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका पत्रावरून बरीच खळबळ उडाली. आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंचा नातू उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत राहतो. तेथील भूमि चुनखडीच्या दगडाची असल्यामुळें पोटांतून पोखरलेली आहे, व त्या पोकळ्यांत झऱ्यांचें निर्मळ पाणी तुडुंब भरलेलें असतें. पाठीवर हवेचीं नळकांडीं बांधून अशा जलमग्न गुहांत शिरण्याची विद्या आपण शिकत आहों, असें चिरंजीवांनीं मोठ्या आनंदानें कळविलें. त्याच्या आईनें डोळ्यांना पदर लावला. आणि 'हा नाद तत्काळ सोड' असें खरमरीत पत्र वडीलधारे या नात्यानें आम्हींच लिहावें, असें सर्वानुमतें ठरलें. आम्हीं लेखणी हातांत घेतली खरी. परंतु ज्या विषयाची गंधवार्ता नाहीं त्यावर निकाल देणें मास्तरकीच्या धर्मास सोडून होतें. म्हणून आधीं थोडें वाचन केलें. त्याचें सार वाचकांपुढें ठेवतों.

उघड्या पाण्यांत बुडी मारणाऱ्याच्या डोक्यावर निदान आकाश असतें. गुहेंत डोक्यावर पाषाण असतो. ज्या वाटेनें आंत गेलों त्याच वाटेनें, कितीहि लांब असली तरी, परत यावें लागतें. तळाशीं पिठासारखा बारीक गाळ असतो. पायांतील वल्ह्यांचा एक अविचारी फटकारा बसला कीं तो उसळतो आणि हातांतील दिवा असून नसल्यासारखा होतो. शिवाय पाण्याचा दाब आहेच. दर दहा मीटर खोलीस तो एका वातावरणाइतका वाढतो, म्हणून तीस मीटर खालीं प्रत्येक श्वासास पृष्ठभागावरच्या चौपट हवा खर्च होते. भ्यालेल्या माणसाचा श्वास जलद व उथळ होतो. तसल्या श्वासानें शरीरांतील कर्बवायु नीट बाहेर पडत नाहीं. तो सांचला कीं जीव अधिकच गुदमरतो, आणि गुदमरल्यानें भीति आणखी वाढते. असें हें चक्र फिरूं लागलें म्हणजे तासभर पुरणारी हवा पाहतां पाहतां संपते.

या विद्येचे एक मोठे आचार्य शेक एक्स्ली (१९४९–१९९४) हे फ्लोरिडांतील एका शाळेंत गणित शिकवीत, हें वाचून आमच्या मास्तरी मनास थोडें बरें वाटलें. गुहांत प्राणास मुकलेल्यांच्या चुका कोणत्या, याचा छडा लावून त्यांनीं १९७९ सालीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांतील मुख्य नियम कोणत्याहि गृहिणीस पटतील असे आहेत. गुहेच्या तोंडाबाहेरील उघड्या पाण्यापासून शेवटपर्यंत अखंड दोरी असावी. हवेचा एक भाग जाण्यास, एक भाग येण्यास आणि तिसरा संकटासाठीं राखावा. फार खोल जाऊं नये. दिवे एक नव्हे, तीन असावे. हेच एक्स्ली पुढें मेक्सिकोंतील एका अतिखोल जलकुंडांत विक्रमाचा प्रयत्न करतांना १९९४ सालीं वारले. विद्या कितीहि मोठी असली तरी ती माणसाचीच असते, हें विसरूं नये.

दोरी हातची सुटली तर काय करावें, हेंहि ठरलेलें आहे. प्रथम जागचें हलूं नये. लांब, सावकाश श्वास घ्यावा. मग कमरेच्या सुट्या रिळाचें टोंक जवळच्या खडकास बांधून, त्या आधारानें थोडें थोडें चाचपडत हरवलेली दोरी शोधावी. थांबणें, श्वास, विचार आणि मग कृति, असा हा क्रम आहे. शिकणाऱ्यांकडून तो डोळे झांकून, दिवे मालवून, हातांस संवय होईपर्यंत करवून घेतात.

स्पेन देशाच्या मल्लोर्का बेटावरील एका भूगर्भशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकावर एप्रिल २०१७ मध्यें असाच प्रसंग ओढवला. सा पिकेता नांवाच्या गुहेंतून परततांना त्याची व मित्राची दोरी तुटलेली आढळली. गढूळ पाण्यांत ती शोधण्यांत सुमारें तास गेला, आणि हवा एकालाच बाहेर पोंचवील इतकी उरली. गुहेंत एका ठिकाणीं पाण्यावर हवेचें दालन आहे, हें त्यास ठाऊक होतें. तेथें येऊन दोघांनीं विचार केला. मित्र अंगानें बारीक, त्यास हवा कमी लागे. म्हणून त्यानें जावें. गुहेंतील जड हवेंत श्वास घेण्याचा अनुभव शिक्षकास अधिक, म्हणून त्यानें राहावें. कोणीं रागावलें नाहीं, कोणीं नशिबास बोल लावला नाहीं. त्या दालनांत कर्बवायु शेंकडा पांच होता. बाहेर तो शेंकडा ०.०४ इतकाच असतो. दिवे जवळजवळ विझलेले. तो खडकावर अंधारांत निजून राहिला, तहानेस पृष्ठभागावरील पाणी प्याला, नसते उजेड व आवाज भासले तेहि सोशीत राहिला. घरीं दोन मुलें होतीं, त्यांचें स्मरण करीत राहिला. सुमारें साठ तासांनीं सोडविणारे पोंचले, आणि तो जिवंत बाहेर आला.

येथें कोणी म्हणेल, मनोनिग्रह असला कीं झालें. तसें नव्हे. २३ जून २०१८ रोजीं थायलंडांतील थाम लुआंग गुहेंत १२ मुलें व त्यांचे फुटबॉलचे शिक्षक पुरानें अडकले. शिक्षक पूर्वाश्रमींचे बौद्ध भिक्षु; त्यांनीं मुलांस ध्यानास बसवून शांत ठेवलें होतें. २ जुलैस दोघां ब्रिटिश पाणबुड्यांना तीं सांपडलीं. पाणी उपसण्याच्या कामीं साह्य करावयास पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञहि तेथें गेले होते. एका माजी नौसैनिकानें हवेचीं नळकांडीं पोंचवितांना प्राण वेंचला. १० जुलैपर्यंत तेराहि जण बाहेर आले. पण त्यांना 'धीर धरा' एवढेंच सांगून आणलें नाहीं. गुंगीचें औषध देऊन, तोंडावर हवेचे मुखवटे चढवून, पाणबुड्यांनीं त्यांना वाहून आणलें. ज्यास सराव नाहीं तो पाण्याखालीं घाबरणारच, आणि घाबरला तर सोडविणारासहि बुडवील, हें त्या जाणत्यांना ठाऊक होतें.

हें वाचतांना आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवली. ती आजवर आम्हीं कोणापाशीं बोललों नव्हतों. चाळीस वर्षांपूर्वीं, या मुलाच्या वडिलांच्या मुंजीच्या आदल्या रात्रीं, स्वयंपाकघरांत रॉकेलचा स्टोव्ह भडकला. त्याच सकाळीं आम्हीं वर्गांत 'धृति' शब्द शिकविला होता: धातु 'धृ', अर्थ धरणें. रात्रीं आम्हीं ओरडत घागर उचलली आणि पेटलेल्या रॉकेलवर पाणी ओतलें. जळतें तेल पाण्यावर तरंगत थेट वहिनींच्या पायांपाशीं गेलें. "भावोजी, बाजूला व्हा," एवढेंच म्हणून त्यांनीं ओलें गोणपाट टाकलें व ज्वाळा दाबून धरली. आग विझली, पण वहिनींचा उजवा हात कोंपरापर्यंत भाजला. तो डाग आजहि दिसतो. तुम्हांला हें सुचलें कसें, असें मागाहून विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "माहेरीं आईनें दोनदां करून दाखविलें होतें." आम्हांस धातु ठाऊक होता, त्यांच्या हातांस क्रिया ठाऊक होती.

मुलगा वहिनींचाच नातू. म्हणून पत्र लिहिण्यापूर्वीं हें सारें त्यांना वाचून दाखविलें. त्यांनीं एकच प्रश्न केला, "दोरी शेवटपर्यंत असते ना?" असते, म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "मग त्याला लिहा, गुरूंनीं सांगितल्यापुढें एक हात जाऊं नको, आणि दोरी सोडूं नको." आम्हीं तेवढेंच लिहिलें. सुनेचें समाधान पुरतें झालें नाहीं, आणि तें व्हावें असा आग्रहहि आम्हीं धरला नाहीं.

मात्र त्या रविवारीं घरांतील सर्व दिवे मालवून लहानथोर प्रत्येकाकडून गॅसच्या सिलिंडरची चावी अंधारांत चाचपून बंद करवून घेतली. नात पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाली. आमचा हात दोनदां चुकला. तिसऱ्या खेपेस वहिनींनीं बाजूस उभें राहून तो बरोबर करवून घेतला.