फोनमधली जागा आणि सासूबाईंचा आवाज



गेल्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी माझा फोन अडून बसला. सकाळपासून जोडलेल्या हातांची चित्रं येत होती. कमळाखाली हात, दिव्याशेजारी हात, सोनेरी अक्षरांतली क्षमा. तेच चित्र सहा-सहा गटांतून आलं. दुपारी नातीनं मंदिरात म्हणायचं स्तवन म्हणून दाखवलं, मी ते टिपायला गेले, तर फोन म्हणाला, जागा नाही.

फोन लेकाचा जुना, ६४ जीबीचा. आपल्यापैकी बऱ्याच जणींकडे असाच फोन असतो. मुलांनी नवा घेतला की जुना आईकडे येतो, आधीच अर्धा भरलेला. त्यात फोनची स्वतःची यंत्रणा बरीच जागा आधीच अडवून बसते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी बाजारात गेले होते, तिथल्या एका मोबाइलच्या दुकानात फोन दिला. मुलगा चांगला होता. "काकू, पाच मिनिटं," म्हणाला. त्यानं दोन-तीन अ‍ॅप काढली, एक सफाईचं अ‍ॅप टाकलं, आणि 'ऑडिओ' नावाच्या खणात विचित्र नावांच्या हजारभर फायली दिसल्या त्या सगळ्या निवडून पुसल्या. मग कचरापेटीही रिकामी केली, पूर्ण जागा व्हावी म्हणून. मी समोरच उभी होते. पन्नास रुपये दिले आणि खुशीत घरी आले.

रात्री सासूबाईंचा संवाद उघडला. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांना लिहिता येत असे, पण फोनवरची बारीक अक्षरं जमत नसत. म्हणून त्या माइकचं बटण दाबून बोलत. "कैऱ्या उतरवल्यात गं, यंदा मीठ जरा हात राखून घाल." "दिवस मावळायच्या आत जेवलात ना?" असे दोनशेच्या वर निरोप होते. मी एकावर बोट ठेवलं, वाजला नाही. दुसऱ्यावर ठेवलं. फाइल सापडत नाही, एवढंच फोन सांगत राहिला.

बॅकअप असेल म्हणून लेकाला फोन केला. त्यानं दूरवरून एकेक विचारून पाहिलं. बॅकअप कधीच थांबला होता. गुगलच्या खात्यात फुकट मिळणारी जागा १५ जीबी, आणि त्यातच ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो असे तिघं राहतात. १ जून २०२१ पासून फोटो कमी दर्जाचे करून ठेवले तरी तेही त्यात मोजले जातात. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्याच जागेत धरला जातो. ती जागा माझ्या नकळत भरून गेली होती. 'जागा भरली' अशी सूचना कितीदा तरी येत होती, आणि मी ती दर वेळी बाजूला सारत होते.

मी नणंदेला पूर्वी अकरा निरोप पुढे पाठवले होते. तेवढे तिच्याकडे मिळाले. बाकीचे गेले.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या लेखी त्या हजार फायली होत्या. त्यातली कोणती सासूबाईंची आणि कोणती कुठल्या तरी गटातली भजनाची, हे त्याला कसं कळावं? ते फक्त मला कळत होतं, आणि मी फोन त्याच्या हातात देऊन 'मला यातलं कळत नाही' म्हणाले होते.

आज मला भांडायचं आहे ते याच वाक्याशी. पिठाचा डबा नुसता उचलून पाहून किती दिवस पुरेल हे आपण सांगतो. कडधान्य परातीत पसरून, जीव दुखावू नये म्हणून दाणा दाणा पाहून निवडतो. बोहारीण दारात आली तर जुने कपडे आपण बाहेर आणून देतो, तिच्या हाती कपाटाची किल्ली देत नाही. मग फोन साफ करायचा म्हटला की किल्लीच कुणाच्या तरी हातात का देतो? लेक, जावई, नातू, दुकानदार, नाही तर एखादं अ‍ॅप. फोन रिकामा करणं हे तांत्रिक काम नाही. निवडण्याचं काम आहे, आणि निवडणं ज्याचं त्यानंच करायचं असतं.

नंतर मी स्वतः बसले. चार दुपारी लागल्या. त्यात सगळ्यात आधी कळलं ते हे की जागा खाणारं आणि जपण्याजोगं ही दोन अगदी वेगळी असतात. मिनिटभराचा आवाजाचा निरोप काहीशे केबीपलीकडे जात नाही. फोनच्या कॅमेऱ्यानं घेतलेला मिनिटभराचा फुल एचडी व्हिडिओ शंभर एमबीच्या आसपास जातो. म्हणजे सासूबाईंचं सगळं बोलणं एकत्र केलं असतं तरी पुतण्याच्या वरातीच्या एका व्हिडिओएवढं झालं नसतं. त्या वरातीचे असे अकरा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये होते, आणि मी एकही दुसऱ्यांदा पाहिला नव्हता.

म्हणून सुरुवात कुठून करायची हे सांगते. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडा. अ‍ॅप, फोटो, व्हिडिओ, ऑडिओ कुणी किती जागा घेतली ते तिथे दिसतं. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात, पण ही पाटी प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असते. आधी नुसतं पाहा, काही पुसू नका.

मग व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. पाच एमबीहून मोठ्या फायली तिथे वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात, आणि अनेकदा पुढे ढकललेल्या वेगळ्या. खाली कुठल्या गटानं किती जागा खाल्ली याची उतरती यादी. माझ्या यादीत पहिले तीन गट असे होते, ज्यांत मी वर्षभरात एक शब्दही बोलले नव्हते. शिवाय आपण गॅलरीतला फोटो कुणाला पाठवला की त्याची आणखी एक प्रत 'सेंट' नावाच्या खणात पडून राहते. एकच वस्तू दोन डब्यांत.

तिथेच 'मीडिया ऑटो डाउनलोड' आहे. ते बंद केलं की चित्रं आणि व्हिडिओ आपण बोट ठेवल्याशिवाय फोनमध्ये उतरत नाहीत. मला विचाराल तर सगळ्या सफाईपेक्षा हे एक काम मोठं. दार उघडं ठेवून रोज झाडत बसण्यापेक्षा दार लोटून घ्यावं.

दोन ठिकाणी मात्र हात जपून ठेवा. अ‍ॅपच्या माहितीत 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर स्टोरेज' किंवा 'क्लिअर डेटा' अशी शेजारी शेजारी बटणं असतात. पहिल्यानं तात्पुरता साठलेला गाळ जातो, तो पुन्हा जमतो, बिघडत काही नाही. दुसऱ्यानं त्या अ‍ॅपमधलं आपलं सगळं जातं. दुसरी जागा गुगल फोटोची. तिथलं 'फ्री अप स्पेस' हे बटण बॅकअप झालेले फोटो फक्त फोनमधून काढतं, वरची प्रत राहते. पण तोच फोटो डिलीट केला तर तो दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला असला तर साठ दिवस कचरापेटीत थांबतो, मग कायमचा. सफाईची वेगळी अ‍ॅप तर टाकूच नका. जे ती करतात ते फोनमध्ये आधीच असतं, आणि ती सगळ्या फायली पाहायची परवानगी मागतात.

आमचे हे म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, २५६ जीबीचा घे. ज्यांचं कामच फोनवर चालतं त्यांनी जरूर घ्यावा. पण माझ्यासारखीचं काय होईल ते मला दिसतं. लग्नात दोन कपाटं होती, आज घरात सात आहेत, आणि 'ठेवायला जागा नाही' हे वाक्य सातांतही तसंच आहे. दर महिन्याला पैसे भरून वरची जागा वाढवता येते, तेही खरं. मात्र तिथेही न पाहिलेलं न पाहिलेलंच राहतं, फक्त त्याचं भाडं सुरू होतं.

आपल्याकडे गृहस्थाला सगळं सोडायला सांगितलेलं नाही. परिमाण ठरवायला सांगितलं आहे. एवढं पुरे, त्यापुढे नको, हे आधी ठरवायचं. आणि तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख मूर्च्छा या शब्दानं करून दिली आहे. त्याचा अर्थ आसक्ती, हे लहानपणापासून ऐकत आले. या प्रकरणात मला त्या शब्दातलं भान हरपणंही दिसलं. ती क्षमेची चित्रं, त्या वराती मी आवडीनं साठवल्या नव्हत्या. त्या साठत होत्या आणि मला शुद्ध नव्हती. त्याच बेशुद्धीत जे हवं होतं ते गेलं.

एक मैत्रीण म्हणाली, "अगं, आवाजात तरी जीव कशाला अडकवायचा? तोही परिग्रहच." असेल. मला त्याचं उत्तर देता येत नाही, आणि देण्याचा अधिकारही नाही. पण मला एवढं कळतं की सोडायचं असतं तर ते मी सोडलं असतं. एकेक निरोप ऐकून, आता पुरे म्हणून. दुकानात पाच मिनिटांत जे गेलं त्याला त्याग म्हणत नाहीत. ते हरवणं झालं.

आता मी ५० जीबीची मर्यादा ठरवली आहे. त्यापुढे काटा गेला की त्या रविवारी दुपारी परातीसारखा फोन घेऊन बसते. उरलेले अकरा निरोप फोनमध्ये आहेत, केबल लावून लेकाच्या संगणकावर घेतले आहेत, आणि नणंदेकडे आहेतच.

तुम्हाला आज एकच सांगते. काही पुसायच्या आधी ज्यांचा आवाज पुन्हा येणार नाही, किंवा एक दिवस येणार नाही, त्यांचा संवाद उघडा. निरोपावर बोट दाबून धरा आणि तो घरातल्या दुसऱ्या एका फोनवर पाठवा. पाच मिनिटांचं काम आहे. मग बाकीचं सावकाश निवडायला बसा, तुमचं तुम्ही.