हलक्या बुटाच्या नादी लागण्याआधी



मागच्या पावसाळ्यात माझी भाची अकोल्याहून अमरावतीला माझ्याकडे आली ती लंगडतच. ती वनरक्षक भरतीची तयारी करते. मी पायाकडे बघते तर तिनं आधी पिशवीतून बुटांचा डबा काढला. "मावशी, पयले बूट पाय, मंग बोल." बूट खरंच हलका होता. जाड पांढरा सोल, पोपटी कापड, बाजूला एका नामांकित परदेशी कंपनीसारखं चिन्ह, फक्त नावातलं एक अक्षर चुकलेलं. किंमत साडेचार हजार. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, बचत गटातून उचल घेतली होती. दुकानदारानं सांगितलं होतं की ऑलिंपिकवाले हाच घालतात.

मी जी.एन.एम. केलेली बाई. वॉर्डात बरीच वर्षं काढली, आता वस्त्यांमधून आरोग्याचं काम करते. तिच्या नडगीच्या हाडावरून एक बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. एका ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेवर, पोरगी किंचाळली. नुसता स्नायू दुखत असेल तर दुखणं हाताच्या पंज्याएवढ्या भागात पसरलेलं असतं. बोटाएवढ्या जागेत, हाडावरच, आणि रात्री झोपेतही ठणकत असेल तर हाडाला बारीक चीर पडल्याचा संशय घ्यावा. पहिला एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून तिला वाटलं सुटलो. पण अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. तीन आठवड्यांनी दुसरा काढला, त्यात रेघ दिसली. पळणं बंद. त्या वेळची मैदानी चाचणी गेली.

दोष एकट्या बुटाला देऊन मी मोकळी होणार नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, जाहिरात आली म्हणून तीन आठवड्यांत ती रोज ३ किलोमीटरवरून ८ किलोमीटरवर गेली होती, तेही सिमेंटच्या रस्त्यावर. वजन कमी व्हावं म्हणून रात्री जेवत नव्हती. चार महिने पाळी आली नव्हती आणि त्याचं तिला उलट बरंच वाटत होतं. हिमोग्लोबिन ९ च्या घरात. त्यावर हा बूट आला, ज्याची टाच पाऊल पडताच आतल्या बाजूला कलत होती.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या पोरापोरींनी शर्यतीचा हलका बूट हा पहिला बूट म्हणून घेऊ नये. दुसरा म्हणून परवडत असेल तर जरूर घ्यावा. पहिला मात्र रोजच्या सरावाचा, धड, मजबूत बूट हवा.

हलकेपणाचा फायदा खोटा नाही. अमेरिकेत कोलोराडोला २०१६ च्या सुमारास एक प्रयोग झाला. धावपटूंच्या बुटांत त्यांना न सांगता शिशाच्या गोळ्या लपवल्या आणि ३,००० मीटर पळायला लावलं. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की वेळ साधारण पाऊण टक्क्यानं वाढला. योगायोग असा की आपल्याकडे वनरक्षक भरतीत मुलींना ३ किलोमीटर आणि मुलांना ५ किलोमीटरच पळावं लागतं. आता हिशेब करा. ३ किलोमीटरला १५ मिनिटं घेणारी मुलगी १०० ग्रॅम हलका बूट घालून फार तर ७ सेकंद वाचवेल. पोलीस भरतीत मुलींचे ८०० मीटर असतात. तिथं तीन मिनिटांतला फायदा दीड सेकंदाचा. पूर्ण २० गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद लागतात, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक मुली सुरुवातीला साडेतीन मिनिटांवर असतात. हे चाळीस सेकंद कोणत्याच डब्यात मिळत नाहीत, ते सहा महिन्यांच्या सरावातून आणि ताटातल्या अन्नातून येतात.

आणि आपली काळी माती विसरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतरस्त्यावरून पळून या आणि बूट किराण्याच्या काट्यावर ठेवा. मी ठेवून पाहिला आहे. तळाला चिकटलेल्या चिखलाचं वजन हलक्या आणि साध्या बुटातल्या फरकापेक्षा जास्त भरलं. किराणावाला हसत होता, हसू द्या.

त्या परदेशी बुटांमध्ये खरं काय असतं तेही समजून घ्या. वजन कमी, फोम नव्या प्रकारचा आणि फार उसळणारा, आणि आत कार्बनची ताठ पट्टी. २०१९ साली व्हिएन्नात केनियाचा एलियुड किपचोगे अशाच बुटात मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पळाला. २०२३ मध्ये बर्लिनला इथिओपियाची तिगिस्त असेफा २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांत आली. तिचा बूट १३८ ग्रॅमचा होता आणि किंमत ५०० डॉलर. तो एका शर्यतीपुरताच बनवला आहे, असं कंपनीच सांगत होती. आपल्या घरात एक बूट दोन भावंडं वापरतात. शिवाय हा फायदा वेगानं पळणाऱ्याला जास्त आणि सावकाश पळणाऱ्याला कमी मिळतो, आणि माणसागणिक बदलतो. तो ताठ तळवा पावलाच्या मधल्या हाडांवर वेगळा ताण टाकतो. असे बूट घालणाऱ्या काही धावपटूंच्या तिथल्या हाडाला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. विद्यापीठाच्या किंवा जिल्ह्याच्या अॅथलेटिक्स स्पर्धांत उतरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. जागतिक संघटनेच्या नियमानुसार रस्त्यावर सोलची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत चालते, पण नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवर फक्त २० मिलिमीटर. म्हणजे महागडा जाड बूट घेऊन ट्रॅकवर गेलात तर बादही व्हाल.

ही सगळी अस्सल मालाची गोष्ट. नकली बुटात पट्टी नसते, तो फोमही नसतो. उरतो नुसता मऊ, डगमगणारा सोल.

याच्या उलट टोकाला अनवाणी पळण्याचं कौतुक. बुलडाणा जिल्ह्यातून पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या लता भगवान करे नवऱ्याच्या तपासणीला पैसे नाहीत म्हणून साठीनंतर नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यांनी स्वतःच त्यात काम केलं. मला त्या बाईचा अभिमान आहे, पण त्या बक्षिसासाठी एका म्हातारीला उघड्या पायांनी पळावं लागलं याची लाज जास्त वाटते. आपल्या आज्या-पणज्यांना वाड्यापुढून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. अनवाणी पायांचं कौतुक आपल्याला तरी कोणी शिकवू नये. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकला, हे सगळे सांगतात. १९६४ ला टोकियोत तो बूट घालून पळाला आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ वाचवून पुन्हा जिंकला, हे फारसं कोणी सांगत नाही.

तर बूट कसा घ्यावा? संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय फुगलेला असतो. सरावाचे मोजे सोबत न्या. उभं राहून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का बघा. ती नसेल तर नखं काळी पडतात, माझ्याकडे अशी नखं घेऊन दर भरतीला पोरं येतात. बूट हातात घेऊन वाकवा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला किंवा फडक्यासारखा पिळला गेला तर परत ठेवा. टेबलावर ठेवून मागून बघा, टाच सरळ उभी आहे का. अडीच-तीन हजारांत २५० ते ३०० ग्रॅमचा चांगला बूट मिळतो, आणि ते वजन पुरेसं हलकं आहे.

मुलींचं वेगळं सांगते. लहानपण चपलेत किंवा अनवाणी गेलेलं असतं, पंजा पसरट होतो. दुकानात बायकांचे बूट मोजके, तेही अरुंद. मग दुकानदार पोरांचा लहान नंबर देतो. पंजा मावतो पण टाच सुटते आणि घासून फोड येतात. अशा वेळी बुटाच्या सगळ्यात वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या छिद्रातून लेस ओवून घ्या, टाच धरून राहते. वनरक्षकात पुढे मुलींना ४ तासांत १६ किलोमीटर चालावं लागतं. त्या दिवशी पिसासारखा बूट काही कामाचा नाही, टाच धरणारा बूटच कामाचा.

बुटाला पैसे मोजण्याआधी मात्र सरकारी दवाखान्यात एक चिठ्ठी काढा आणि रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर बुटानं वाचवलेली सात सेकंदं रक्तच खाऊन टाकतं. दुसरी तपासणी सिकलसेलची. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, हे लपवून उपयोग नाही. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, वाहक माणूस पळू शकतो, भरतीही होऊ शकतो. पण अमेरिकन सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय जवानांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात वाहकांमध्ये मृत्यू जास्त दिसले नाहीत, मात्र अतिश्रमानं स्नायू विरघळून मूत्रपिंडाला धोका होण्याचं प्रमाण दीडपट होतं. अकोल्याच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, पाणी न पिता पूर्ण जोर लावणाऱ्या वाहकाला हे माहीत असायलाच हवं. लघवी चहासारखी काळपट झाली तर थांबा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तपासणीशिवाय आपल्या मनानं लोहाच्या गोळ्याही सुरू करू नका. आणि तीन महिने पाळी आली नाही तर मुलींनी "बरं झालं" म्हणू नये. ती हाडं कमकुवत होत असल्याची खूण असू शकते.

हे लिहिताना मला काही भाऊ म्हणतील, गरिबाच्या पोरांना साडेचार हजारांचा बूटही नाकारता का? नाकारत नाही. एवढे पैसे काढायची घराची तयारी असेल तर अडीच हजारांचा अस्सल बूट, शंभर-दोनशेचे मोजे, आणि उरलेल्या पैशांत दोन-तीन महिने रोजची दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे. शर्यतीचा बूट वेळ पूर्ण गुणांच्या जवळ आल्यावर घ्या, चाचणीआधी तीन-चार आठवडे, आणि आठवड्यातून एकदाच घालून सवय करा. नवा बूट थेट मैदानावर नको.

माझी भाची दहा आठवड्यांनी पुन्हा पळायला लागली, आधी चालणं, मग एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं. पाळी सुरू झाली, हिमोग्लोबिन साडेअकरावर आलं. नवा बूट तिनं स्वतः निवडला, दुकानदाराकडून काटा मागून वजन केलं. २६८ ग्रॅम. पोपटी बूट तिच्या आईनं अजून टाकलेला नाही. गटाचे दोन हप्ते बाकी आहेत.