हस्ताचा हत्ती, वीज आणि पायाळू

सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रांत प्रवेश करतो, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा या बाजूस घरोघरीं हादगा मांडला जातो. हत्तीचें चित्र, त्याच्याभोंवतीं फेर धरणाऱ्या मुली, आणि शेवटीं ओळखावयास लावलेली खिरापत, हें सारें आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. हा हत्ती म्हणजे पावसाळी मेघाचें रूप होय. हस्ताचा पाऊस झाला तर शाळू व हरभरा साधतो, न झाला तर रब्बीची आशा सोडावी लागते. शेतकऱ्याची ही जन्मोजन्मींची चिंता मुलींच्या या खेळांत गोंविली गेली आहे.

परंतु याच दिवसांत दुसरीही एक गोष्ट घडते. दुपार कलल्यावर ढग दाटतात, कडकडाट होतो, आणि दुसऱ्या दिवशीं कोठल्या तरी गांवाहून बातमी येते कीं, झाडाच्या आडोशास उभ्या राहिलेल्या माणसावर वीज पडली. चार लोक हळहळतात, आणि त्यांतील एखादे वयस्क गृहस्थ हटकून विचारतात, “तो पायाळू होता का हो?” या एका प्रश्नानें आपलें किती नुकसान होतें, हें वाचकांपुढें मांडण्यासाठीं आम्ही आज लेखणी उचलली आहे.

पाऊस देणारा देव आणि वीज पाडणारा देव एकच, ही कल्पना फार प्राचीन आहे. आपल्याकडे इंद्राच्या हातांत वज्र आहे आणि त्याचें वाहन ऐरावत आहे. ऋग्वेदांत पर्जन्यदेवतेचीं तीन सूक्तें आहेत. त्यांपैकीं एकांत, वनस्पतींना अंकुर देणारा हाच पर्जन्य वृक्षांवर आघातही करतो, असें वर्णन आलें आहे. वीज झाडावर पडते हें त्या काळच्या ऋषींनीं पाहिलें होतें, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

ही भावना केवळ आपल्याच देशापुरती नाहीं. ज्या मक्याची वैरण आपण जनावरांस घालतों, तो मका मूळचा मेक्सिको देशांतला. तेथील दक्षिणेकडच्या ओआहाका प्रांतांत झापोटेक नांवाचे प्राचीन शेतकरी लोक आहेत. त्यांच्या पर्जन्यदेवाचें नांव कोसिहो, आणि त्यांच्या भाषेंत कोसिहो या शब्दाचा अर्थच वीज असा होतो. त्यांच्या पंचांगांतील २६० दिवसांचे ६५ दिवसांप्रमाणें चार भाग पाडीत, व त्या प्रत्येक भागासही कोसिहो असेंच म्हणत. शेजारच्या माया लोकांचा पर्जन्यदेव चाक हा हातांतील कुऱ्हाडीनें वीज पाडतो. आझ्टेक लोकांचा पर्जन्यदेव त्लालोक. वीज पडून किंवा पाण्यांत बुडून मेलेल्या माणसास त्लालोकनेंच आपल्याकडे बोलावून घेतलें, असें ते मानीत. इतर मृतांस ते बहुधा दहन करीत, परंतु अशा मृतास पुरीत, आणि तो सदा हिरव्या असलेल्या देवलोकीं गेला असें म्हणून मनाचें समाधान करून घेत.

आपल्या ‘पायाळू’च्या समजुतीचें मूळ अशाच मनोवृत्तींत असावें, असें आम्हांस वाटतें. जन्मतांना ज्याचे पाय आधीं बाहेर आले तो पायाळू. त्याला जमिनींतील पाणी दिसतें, पुरलेलें धन सांपडतें, उसण भरलेल्या कमरेस त्याचा पाय लागला कीं आराम पडतो, आणि त्याच्यावर वीज हटकून पडते, असें लोक सांगतात. पाण्याची देणगी आणि विजेचें भय हीं दोन्हीं एकाच माणसाच्या माथीं मारलेलीं आहेत. मेक्सिकोंतील शेतकऱ्यानें आपल्या देवास जें रूप दिलें, तेंच आपण पायाळू म्हणून एका माणसास दिलें.

दुःखांत बुडालेल्या कुटुंबास अशा समजुतीनें थोडा धीर येत असेल, तर त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु एक विचार करावा. मृत मनुष्य पायाळू ठरला कीं, तो कोठें उभा होता हें कोणी विचारीत नाहीं. जो पायाळू नाहीं तो मनांत म्हणतो, मला कसली भीति? आणि पुढच्या पावसांत तो त्याच आंब्याखालीं जाऊन उभा राहतो. जो पायाळू आहे तो बिचारा जन्मभर धास्ती बाळगतो. अशा रीतीनें ही समजूत एकास निष्काळजी करते व दुसऱ्यास भित्रा करते. जीव मात्र कोणाचाच वांचवीत नाहीं.

विजेस माणसाची जन्मकथा ठाऊक नसते. उंच वाढलेल्या ढगांत बर्फाचे स्फटिक व गारांचे कण एकमेकांवर आदळून विद्युद्भार वेगळे होतात, आणि त्यांचा ताण असह्य झाला म्हणजे वीज जमिनीकडे झेप घेते. उघड्या रानांत जें उंच असेल तें तिला जवळचें. म्हणून ती झाडावर पडते, आणि झाडावरून बाजूच्या माणसावर उडी घेते किंवा मुळांवाटे जमिनींत पसरते. झाडाखालीं बांधलेलीं गुरें एकदम मरतात तीं यामुळेंच. त्यांचे पुढचे व मागचे पाय लांब असल्यामुळें जमिनींत पसरलेला प्रवाह एका पायानें चढून दुसऱ्यानें उतरतो व वाटेंत काळीज सांपडतें.

हा धोका लहान नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें इ. स. २०२२ मध्यें भारतांत वीज पडून २,८८७ माणसें दगावलीं. त्या वर्षीं नैसर्गिक कोपांनीं झालेल्या अपघाती मृत्यूंपैकीं एकतृतीयांशाहून अधिक विजेमुळें झाले. आपल्या बाजूस आषाढ-श्रावणांतील झडीच्या पावसांत वीज कमी असते; एप्रिल-मे महिन्यांतील वळीव आणि सप्टेंबर-आक्टोबरांतील परतीचा पाऊस हे तिचे मुख्य दिवस. नेमके तेव्हांच आपण नांगरट, पेरणी किंवा काढणीसाठीं उघड्या शिवारांत असतों.

यासाठीं कांहीं साध्या गोष्टी घरांतील प्रत्येकास पाठ असाव्यात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत अंक मोजावेत. आवाजास एक किलोमीटर यावयास सुमारें तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला तर हातचें काम टाकून पक्क्या घरांत किंवा चारी बाजूंनीं बंद असलेल्या मोटारींत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. झाड, उघडें खोपट, तारेचें कुंपण, विहिरीवरील मोटार, लोखंडी नळ आणि उघडा ट्रॅक्टर यांपासून दूर रहावें. जवळ निवाराच नसेल तर एकत्र घोळका न करतां पांगून, पाय जुळवून उकिडवें बसावें. जमिनीवर आडवें होऊं नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें ‘दामिनी’ नांवाचें मोबाईल ॲप तयार केलें आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा संभव असल्यास तें आगाऊ इशारा देतें. घरांतील शाळकरी पोरानें तें वडिलांच्या मोबाईलवर घालून द्यावें.

आणखी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची. वीज पडलेल्या माणसास शिवावयास लोक भितात. त्याच्या अंगांत वीज उरत नाहीं. श्वास बंद पडला असेल तर ताबडतोब छाती दाबून व तोंडानें श्वास देऊन त्याला जगवितां येतें, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. स्पर्शाच्या भीतीनें गेलेलीं तीं चार मिनिटें पुन्हां मिळत नाहींत.

कोणी म्हणतील, हा देवाच्या कारभारांत हात घालण्याचा प्रकार झाला. त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, राजर्षि शाहू छत्रपतींनीं भोगावतीवर राधानगरीचें धरण घालण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां वरुणाचा अनादर झाला काय? त्या पाण्यावर ऊंस पिकविणाऱ्या आपल्या घरांतून हादगा कांहीं उठला नाहीं. पावसासाठीं हात जोडावे आणि आलेलें पाणी धरण घालून अडवावें, या दोन्ही गोष्टी आपण एकाच श्रद्धेनें करतों. मग विजेपुरतेंच आपण स्वस्थ कां बसावें?

उंच इमारतीवर धातूची सळई उभारून ती तारेनें जमिनींत खोलवर नेली कीं वीज निमूटपणें मातींत उतरते, हा उपाय बेंजामिन फ्रँकलिन यानें अठराव्या शतकांतच दाखवून दिला. आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवानें आपल्या देवळाच्या शिखरास, शाळेस व सोसायटीच्या गोदामास असा विजेपासून रक्षण करणारा दांडा जाणकाराकडून बसवून घ्यावा, आणि त्याचा जमिनींतील जोड दरवर्षीं वळवापूर्वीं तपासावा. गांवजेवणाच्या मानानें हा खर्च मोठा नाहीं.

आणि यंदा हादग्याचा फेर संपल्यावर, खिरापत ओळखण्यापूर्वीं, मुलींना गडगडाटाचे अंक मोजावयास शिकवावें. त्या घरीं जाऊन बापाला सांगतील, भावाला सांगतील. हत्ती यंदाही येवो, शाळू पिकवून जावो. पण त्याच्या वाटेंत, झाडाखालीं, आपल्यापैकीं कोणी उभा नसावा.