भुसार बाजाराला इंटरनेटची दुसरी वाट हवी

मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात आज इंटरनेटशिवाय माल गाळ्याबाहेर पडत नाही. वार्षिक उलाढाल पाच कोटींवर असलेल्या व्यापाऱ्याला १ ऑगस्ट २०२३ पासून, दुसऱ्या व्यापाऱ्याला विकलेल्या करपात्र मालाचे ई-इन्व्हॉइस काढावे लागते. सरकारी पोर्टलवरून क्रमांक मिळेपर्यंत ते बिल वैध नसते. साखर, तेल, सुकामेव्याच्या घाऊक गाळ्याला पाच कोटींचा आकडा मोठा नाही. शिवाय अशा मालाची किंमत राज्यात एक लाख आणि राज्याबाहेर ५० हजार रुपयांच्या वर गेली, की गाडी हलण्यापूर्वी ई-वे बिल लागते. त्यातच अनेकांचा हिशेब क्लाउडवर गेला आहे. लाइन गेली की साठा दिसत नाही, उधारी दिसत नाही. भरलेला टेम्पो दारात उभा राहतो आणि पोत्यामागे मजुरी मिळवणारा हमाल बसून राहतो. ज्याचा या व्यवस्थेशी काही संबंध नाही, त्याचीच मजुरी आधी बुडते.

यावर उपाय म्हणून दोन कंपन्यांच्या फायबर लाइन घेतल्या जातात. तेवढ्याने भागत नाही. दोन्ही केबल बहुधा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येतात आणि जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही तुटतात. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ५.४६ किलोमीटरच्या स्वारगेट–कात्रज भुयारी मेट्रोचे एक स्थानक मार्केट यार्डला आहे. म्हणजे इथे खोदाई बराच काळ चालणार. खोदण्यापूर्वी केबलमालकाला कळवण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणले. त्याचा वापर काटेकोर व्हायलाच हवा, पण तुटलेली केबल त्याने जोडली जात नाही.

म्हणून दुसरी जोडणी बिनतारी असावी: ४जी किंवा ५जी सिमचा राउटर. मोबाइल टॉवरही बऱ्याचदा फायबरवरच चालतात, त्यामुळे सिम मुख्य लाइनच्या कंपनीचे नसावे. दोन जोडण्या घेणारा राउटर एक बंद पडताच आपोआप दुसरीवर जातो; मात्र तो केवळ केबलचा दिवा न पाहता बाहेरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येते का, हे तपासणारा हवा. हिशेबाचा सर्व्हर ठरावीक आयपी पत्त्यालाच प्रवेश देत असेल, तर दुसऱ्या जोडणीसाठी स्थिर पत्ता घेऊन तोही आधीच नोंदवावा लागतो. राउटर आणि फायबरचा डबा यूपीएसवर नसेल, तर वीज जाताच दोन्ही जोडण्या निकामी होतात. बिलांना डेटा अगदी थोडा लागतो. सीसीटीव्हीचे चित्रण मात्र सिमचा डेटा बघता बघता संपवते, म्हणून ते या जोडणीवर बंद ठेवणे बरे. ही व्यवस्था नुसती बसवून चालत नाही. महिन्यातून एकदा मुख्य केबल काढून प्रत्यक्ष बिल काढून पाहिले, तरच तिची खात्री पटते.

लहान गाळ्याला हा खर्च एकट्याने पेलणे अवघड आहे. बाजार समिती आणि दि पूना मर्चंट्स चेंबर यांनी गाळ्यांच्या एकेका रांगेसाठी सामाईक बिनतारी जोडणी द्यावी. यार्डात केबल टाकण्याची परवानगी देताना समितीने कंपनीकडून मार्गाचा नकाशा घ्यावा आणि नव्या केबलला जुन्या चरातून येऊ देऊ नये. मेट्रोची खोदाई यार्डापर्यंत पोहोचण्याआधी हे काम झाले पाहिजे.

— एक वाचक, मार्केट यार्ड, पुणे